मागचा उजवा

रविवार, रात्र

"झालं, आई. ऊठ आता." ओंकार एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता, घाईसुद्धा नव्हती. तरी सकाळपासून ते वाक्य माझ्या मागे लागलंय.

स्पीकरांचा खोका काल संध्याकाळीच आला होता. लॅमिंग्टन रोडवरून घेतला, ग्रँट रोडला गाडीत चढवला, दादरला बदलून मालडब्यातून विक्रोळीपर्यंत आणला. पहिल्या पगारातला आहे, त्यामुळे कुणाला हात लावू दिला नाही. आज सकाळी उघडला. पाच छोटे स्पीकर, प्रत्येक वेगळ्या पिशवीत, आणि सबवूफर, म्हणजे खर्जातल्या, घुमणाऱ्या आवाजाची चांगली जड लाकडी पेटी. थर्माकोलचा चुरा अजून झाडूला चिकटून बसलाय. मला खरंच मजा येत होती. पिना रंगीत होत्या. हिरवी पुढच्या दोघांची, काळी मागच्यांची, नारिंगी मधल्याची आणि सबवूफरची. आमच्या कॉम्प्युटरला मागे तीनच भोकं, निळं, हिरवं आणि गुलाबी. मग काळी निळ्यात आणि नारिंगी गुलाबीत, आणि कॉम्प्युटरला तसं सांगायचं. हे मी एका फटक्यात समजून घेतलं.

मग मोजमाप. चाकांची खुर्ची सरकते म्हणून तिच्या जागी स्टूल ठेवलं आणि मला बसवलं. पुढचे दोन माझ्या नाकासमोरच्या रेषेपासून ३० अंशांवर, एक डावीकडे, एक उजवीकडे. मागचे दोन कानांच्या जरा मागे, ११० अंशांच्या आसपास. टेपचं टोक मी कानाशी धरून बसले होते. तो गुडघ्यांवर रांगत खडूने खुणा करत होता. किती दिवसांनी एवढा वेळ माझ्याजवळ होता. असो.

आणि मग, ऊठ आता.

मागचा उजवा स्पीकर आला दिवाणाच्या टोकावरच्या फळीवर. म्हणजे बरोबर माझ्या डोक्यावर. मी तिथे बसते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण कोन तिथे येत होता, म्हणून तिथे. कुणी काही बोललं नाही आणि मीही नाही.

रात्री सिनेमा लावला. खुर्चीत ओंकार, शेजारी स्टुलावर हे, दिवाणावर मी. मला काय ऐकू आलं? पाऊस, गर्दी, डोक्यावरून जाणारं हेलिकॉप्टर. माणसं बोलत होती ती पार तिकडे, मॉनिटरच्या खाली, मधल्या स्पीकरमधून. "काय म्हणाली ती?" असं एकदोनदा विचारलं, मग सोडून दिलं. ज्या घरात प्रत्येकाच्या चहात किती साखर ते मला विचारावं लागत नाही, तिथे मी कुठून ऐकणार हे कुणाच्याच मनात येऊ नये? सासूबाईंच्या वेळचा रेडिओसुद्धा... जाऊ दे, ते आता कुठे काढायचं.

लॅमिंग्टन रोड म्हटलं की अण्णा तिथल्या मिनर्व्हा थिएटरचं सांगायचे. १९७५ साली तिथे 'शोले' लागला, ७० एमएमच्या रुंद फिल्मवर, सहा वेगवेगळ्या ट्रॅकचा आवाज. सिनेमात नाणं उडवलं की ते आपल्याजवळच पडलं असं वाटून लोक खुर्चीखाली वाकून बघायचे म्हणे. अण्णांना एकदा अगदी कडेची सीट मिळाली होती, तरी तक्रार नव्हती. थिएटरात भिंतींवर स्पीकरच्या रांगाच असतात, म्हणजे कडेच्या माणसालाही थोडंफार मिळतं. घरातल्या पाच स्पीकरांना तेवढं जमत नाही. त्यांना एकच माणूस धरून चालावं लागतं. हा त्या यंत्राचा स्वभाव आहे, ओंकारचा नाही. हे लिहिल्यावर जरा बरं वाटलं.

आणखी एक. तो मधला स्पीकर मुळात ठेवतात तो बाजूला बसणाऱ्यांसाठी. नेमक्या मध्यावर बसलेल्याला डाव्या-उजव्यातून सारखाच आवाज आला की बोलणारा समोर असल्याचा भास आपोआप होतो. बाजूला सरकलं की तो भास जवळच्या स्पीकरकडे घसरतो. म्हणून थिएटरातही मधला स्पीकर पडद्यामागे असतो आणि पडद्याला बारीक भोकं असतात. म्हणजे मध्यावर न बसणाऱ्यांचा विचार कुणीतरी केला होता. फक्त आमच्याकडे तो मधला माझ्यापर्यंत पोहोचत नाही, कारण मागचा उजवा माझ्या कानात बसलाय.

सगळे झोपल्यावर खुर्चीत बसले. रात्रीची वेळ, खाली गोखल्यांचं तान्हं बाळ, म्हणून आवाज अगदी बारीक ठेवला आणि सबवूफर बंद केला. चाचणीचा सूर लावला. समोर डावीकडे, मध्ये, उजवीकडे, मग मागे. काय सुंदर फिरतो तो! डोळे मिटले तर भिंती कुठे आहेत ते कळेना. पोराने फार नीट जमवलंय. आणि जमवलंय ते माझ्या कानांवरून. टेप माझ्या कानाला लावली होती, त्याच्या नाही. त्याची उंची जास्त, म्हणजे खुर्चीत तो बसला की कान खुणेच्या वरच जाणार. त्या जागी बरोबर बसते ती मीच.

जूनमध्ये तो बंगळुरूला गेला तर... नको, ते आज नको.

उद्या सकाळी त्याचा डबा भरतानाच बोलणार आहे. मागच्या उजव्याचा आवाज सेटिंगमध्ये वेगळा कमी करता येतो, तो करायचा. मधल्याचं तोंड थोडं दिवाणाकडे वळवायचं. तोल बिघडेल म्हणेल, तर त्याच्या सिनेमापुरता परत चढवू दे. आणि शनिवारी दुपारी खुर्ची माझी. माझी जुनी भावगीतं मोनो आहेत, म्हणजे एकाच ट्रॅकवरची, दोन्ही पुढच्या स्पीकरांतून सारखीच येणार. गाणारी बाई नेमकी समोर उभी आहे असं फक्त मध्यावर बसणाऱ्यालाच वाटतं. ह्यांना बसायचं असेल तर दिवाण मोकळा आहे.