निबंधकाने वगळलेली कंपनी पुन्हा नोंदीवर आणताना

आमच्या कुटुंबाची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी साताऱ्यात यंत्रांचे सुटे भाग बनवते. कारभार पाहणारे काका आजारी पडल्यावरही प्राप्तिकर आणि जीएसटीची विवरणपत्रे वेळेवर जात राहिली. कंपनी निबंधकाकडे, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, द्यायचे ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्रे मात्र काही वर्षे गेली नाहीत. कंपनी व्यवसाय करत नाही असे धरून कंपनी कायदा, २०१३ च्या कलम २४८ खाली तिचे नाव निबंधकाच्या नोंदीतून वगळण्यात आले, बँकेने खाते गोठवले आणि कामगारांचे पगार अडले.

यावर कलम २५२ नुसार राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे (एनसीएलटी), म्हणजे आमच्या बाबतीत त्याच्या मुंबई पीठाकडे, जावे लागते. निबंधकाच्या आदेशाने बाधित झालेल्या व्यक्तीस ३ वर्षांत अपील करता येते, तर कंपनी, सदस्य, धनको किंवा कामगार यांना राजपत्रातील प्रसिद्धीपासून २० वर्षांपर्यंत अर्जाची मुभा आहे. माझ्या नावे समभाग असल्याने मी सदस्य म्हणून अर्ज केला.

नाव वगळले गेले तेव्हा कंपनी खरोखर चालू होती, हे कागदांवरून दिसणे हाच सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. आमच्या वकिलांनी लेखापरीक्षित ताळेबंद जोडले होतेच. पण ताळेबंद वर्षाचा हिशेब सांगतो, त्या विशिष्ट महिन्याचा नाही, म्हणून त्याच महिन्यातील महावितरणचे वीजबिल, भविष्य निर्वाह निधीची चलने, जीएसटी विवरणपत्र आणि बँकेचा उतारा सर्वांत वर लावण्याचा आग्रह मी धरला. सुनावणीत प्रश्न आले ते नेमके याच कागदांवर. अर्जाची प्रत निबंधकाला सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी पोचवावी लागते. त्यांनी विरोध केला नाही, फक्त थकलेली सर्व विवरणपत्रे शुल्कासह भरण्याची अट मागितली, आणि ती आदेशात आली.

आदेशाची प्रमाणित प्रत ३० दिवसांत निबंधकाकडे द्यायची असल्याने ती लगेच मागवावी. खर्चाचा अंदाज बांधताना वकिलांच्या शुल्कापेक्षा विलंब शुल्काकडे आधी पाहावे, कारण ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र या प्रत्येक प्रपत्रामागे दिवसाला १०० रुपये लागतात आणि प्रत्येक थकीत वर्षाचे शुल्क वेगळे चढते.

नाव पुन्हा नोंदीवर आले की ते कधी वगळलेच नव्हते असे कायदा मानतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) संकेतस्थळावर कंपनी ‘ॲक्टिव्ह’ दिसू लागल्यावर प्रमाणित आदेश पाहून बँकेने खाते खुले केले आणि थकलेले पगार दिले गेले.