पिसू नक्की कोणाची, मनीची का ब्रुनोची?
आमच्या ऐरोलीच्या घरात मनी मांजर आणि ब्रुनो कुत्रा दोघं, त्यामुळे पिसवा झाल्या की आई म्हणते ब्रुनोनेच खालून आणल्या, पण खरं सांगू का, कुत्र्याच्या अंगावरही बहुतेक वेळा मांजराचीच पिसू असते, कुत्र्याची वेगळी जात आहे पण ती कमी सापडते आणि फरक काय तर मांजराच्या पिसवेचं डोकं लांबट, कुत्र्याच्या पिसवेचं जरा गोल, तेही मायक्रोस्कोपखालीच कळणार. काल ब्रुनोच्या शेपटीजवळून बारीक फणीने काळे कण काढले, ओल्या टिश्यूवर ठेवले तर लालसर डाग पसरला, म्हणजे पिसवांची विष्ठा, पचलेलं रक्तच ते. अंडी अंगावरून गळून गादीत पडतात, चादरी गरम पाण्यात धुवाच. आणि प्लीज, कुत्र्याचं परमेथ्रिनवालं (हे एक कीटकनाशक) पिसवांचं औषध मांजरीला अजिबात लावू नका, तिच्या जिवावर बेततं.