‘टू’नंतर नेहमी मूळ रूपच येतं? माझा अनुभव

इंग्रजी क्रियापदांपुढे काय येतं, हा अभ्यास मी एकदाचा पार पाडला. पण एका नियमावरचा राग अजून गेलेला नाही. ‘टू नंतर क्रियापदाचं मूळ रूप येतं’ हे वाक्य क्लासच्या छापील नोट्समध्ये चौकटीत दिलेलं होतं. त्याखाली दुसरं काहीही नव्हतं. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या, नोकरीसाठी इंग्रजी ईमेल लिहिणाऱ्या प्रत्येकाला ही चौकट कधी ना कधी नडते, म्हणून हे लिहायला घेतलं.

सुरुवातीचा भाग सरळ गेला. ‘वाँट टू गो’, ‘डिसाइड टू स्टे’, ‘होप टू विन’ हे इन्फिनिटिव्हवाले, म्हणजे ‘टू’ आणि पुढे मूळ रूप. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ यांच्यापुढे इंग-रूप, म्हणजे शेवटी ‘-ing’ लागलेलं. थोडं पाठांतर केलं की हे बसतं.

गाडी अडली ती ‘लुक फॉरवर्ड टू’पाशी. सरावाच्या कागदावर ‘आय लुक फॉरवर्ड टू’ आणि पुढे रिकामी जागा, पर्याय ‘मीट’ आणि ‘मीटिंग’. उत्तरसूचीत ‘मीटिंग’. चौकटीतला नियम तर उलट सांगत होता. विचारलं, तर उत्तर मिळालं, ‘तो अपवाद आहे, पाठ करा.’ पाठ केला. मग ‘ऑब्जेक्ट टू’ आलं, तोही अपवाद. ‘कमिटेड टू’, ‘डिव्होटेड टू’, ‘अ‍ॅडिक्टेड टू’, ‘कन्फेस टू’, ‘इन अ‍ॅडिशन टू’, सगळे अपवाद. यादी वाढतच राहिली, आणि शंका विचारली की तेच उत्तर. शेवटी मला अपवादांपेक्षा त्या नियमाचाच संशय येऊ लागला.

खरी गोष्ट अशी की इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत. एक इन्फिनिटिव्हची खूण, ‘वाँट टू गो’मधला. दुसरा साधा प्रिपोझिशन, म्हणजे नामाआधी येऊन त्याचा संबंध दाखवणारा शब्द, ‘ऑन’, ‘इन’, ‘फ्रॉम’ यांच्या कुळातला. प्रिपोझिशनला पुढे नाम लागतं. तिथे क्रियापद आणायचंच असेल, तर ते नामासारखं होऊन, म्हणजे इंग-रूपात येतं. ‘इन्सिस्ट ऑन पेइंग’, ‘सक्सीड इन फाइंडिंग’, ‘प्रिव्हेंट हिम फ्रॉम लीव्हिंग’ आणि ‘लुक फॉरवर्ड टू मीटिंग’ ही सगळी एकाच नियमाची वाक्यं आहेत. यात अपवाद एकही नाही! ‘ऑन’नंतर मूळ रूप कुणी लावत नाही, ‘टू’च्या बाबतीत मात्र ती चौकट आडवी येते. हे दोन ओळींत सांगता आलं असतं. ते न सांगता अपवादांची लांबलचक यादी विद्यार्थ्यांच्या माथी मारतात, याची मला आजही चीड येते.

ओळखायचं कसं? ‘टू’च्या पुढे एखादं नाम ठेवून बघायचं. ‘लुक फॉरवर्ड टू द ट्रिप’ बसतं, म्हणून इंग-रूप. ‘होप टू द ट्रिप’ बसत नाही, म्हणून मूळ रूप. एक सावधगिरी मात्र हवी: काही क्रियापदं दोन्ही ‘टू’ घेतात. ‘अ‍ॅग्री टू द प्लॅन’ बरोबर आहे आणि ‘अ‍ॅग्री टू गो’ही बरोबर आहे. अशांची नोंद वेगळी ठेवलेली बरी.

सगळ्यात जास्त घोळ ‘यूज्ड टू’चा, कारण एकाच स्पेलिंगखाली तीन वेगळ्या रचना दडलेल्या आहेत. ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ म्हणजे पूर्वी लवकर उठायचे, आता नाही. ‘आय अ‍ॅम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ म्हणजे लवकर उठायची सवय आहे; हा प्रिपोझिशनवाला. ‘धिस नाइफ इज यूज्ड टू कट पेपर’ म्हणजे ही सुरी कागद कापायला वापरतात. इथे ‘यूज’ हे वापरणे या अर्थाचं साधं कर्मणी रूप, पुढे हेतू सांगणारा इन्फिनिटिव्ह. बोलताना पहिल्या दोहोंत ‘यूस्ट’ असा उच्चार होतो, तिसऱ्यात ‘यूज्ड’. कान तयार असेल तर तिसरा तिथेच सुटा पडतो. पहिल्या दोहोंत ‘अ‍ॅम, इज, आर, वॉज’ यांपैकी काही किंवा ‘गेट’ आहे का ते पाहायचं: असेल तर इंग-रूप, नसेल तर मूळ रूप.

दोन ‘टू’ सारखे का दिसतात, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. जुन्या इंग्रजीत इन्फिनिटिव्हचा ‘टू’सुद्धा मुळात प्रिपोझिशनच होता, आणि त्याच्यापुढे क्रियापदाला विभक्तीचा प्रत्यय लागायचा. पुढे प्रत्यय झडले, ‘टू’ मागे उरला आणि नुसती खूण बनला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी लेखनात ‘अ‍ॅकस्टम्ड टू डू’ सर्रास सापडतं. आज ‘अ‍ॅकस्टम्ड टू डूइंग’ लिहितात. त्यामुळे जुनी पुस्तकं वाचून परीक्षेचे नियम ठरवू नका.

मराठीच्या आधाराने पर्याय निवडण्याचा मोहही टाळा. ‘जाण्यापासून रोखलं’ आणि ‘प्रिव्हेंट फ्रॉम गोइंग’ छान जुळतात. पण ‘जाण्याचा आग्रह धरला’ला ‘इन्सिस्ट ऑन गोइंग’ आणि ‘जाण्याचा निर्णय घेतला’ला ‘डिसाइड टू गो’. मराठीत दोन्हीकडे ‘जाण्याचा’, इंग्रजीत वाटा वेगळ्या. तसंच ‘सक्सीड इन डूइंग’ आणि ‘मॅनेज टू डू’: अर्थ जवळजवळ एक, सोबत वेगळी.

म्हणून क्रियापद एकटं पाठ करू नका, शेपटासकट करा. वहीत ‘इन्सिस्ट’ असं न लिहिता ‘इन्सिस्ट ऑन डूइंग’ असं लिहा. हे शेपूट इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी-इंग्रजी कोशात मिळतं, इंग्रजी-मराठी कोशात सहसा नाही. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या हॉर्नबी यांनी 1942 मध्ये सहकाऱ्यांसोबत काढलेल्या कोशात क्रियापदांच्या रचना नोंदवलेल्या होत्या. शिकणाऱ्याची नड त्यांनी नेमकी हेरली होती. आजच्या कोशांतही क्रियापदाच्या अर्थाआधी किंवा उदाहरणांत ठळक अक्षरांत हे दिलेलं असतं. मी ते आधी बघते, अर्थ नंतर.

एक राहिलंच. पुढे ‘दॅट’ आलं की प्रिपोझिशन गळतो. ‘इन्सिस्ट ऑन इट’, पण ‘इन्सिस्ट दॅट’. ‘इन्सिस्ट ऑन दॅट ही शुड कम’ असं वाक्य चूक शोधण्याच्या प्रश्नांत हमखास देतात. आणि ‘सजेस्ट’पुढे माणूस आणि इन्फिनिटिव्ह एकत्र चालत नाहीत: ‘सजेस्टेड मी टू गो’ नाही, ‘सजेस्टेड दॅट आय गो’ किंवा ‘सजेस्टेड गोइंग’. ‘एक्स्प्लेन’ला माणसाआधी ‘टू’ लागतोच: ‘एक्स्प्लेन इट टू मी’.

याच्या उलट, प्रिपोझिशन शेवटी लटकलेला दिसला की तो खोडायची घाई नको. ‘अ चेअर टू सिट ऑन’, ‘अ पेन टू राइट विथ’ यांत इन्फिनिटिव्ह आणि प्रिपोझिशन दोन्ही लागतात. खुर्ची ‘सिट’ करत नाहीत, खुर्चीवर बसतात. म्हणून इथे ‘ऑन’ काढला, तर गुण जातो.