ॲशमोलियनला जाताना: ऑक्सफर्डच्या विद्यापीठ संग्रहालयातला एक दिवस

ॲशमोलियनला प्रवेश मोफत आहे, त्यामुळे बहुतेक जण काहीच न ठरवता आत शिरतात आणि तिथेच फसतात. पाच मजले आहेत. दारापासून एकेक कपाट वाचत निघालात तर दोन तासांत पाय बोलू लागतात आणि इजिप्त-ग्रीसच्या पलीकडे मजल जात नाही.

लंडनच्या पॅडिंग्टनहून रेल्वेने साधारण तास लागतो. संग्रहालय बोमाँट स्ट्रीटवर आहे, ऑक्सफर्ड स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. गाडीने येणाऱ्यांनी ती गावाबाहेरच्या पार्क अँड राइडला लावून बस धरावी, आत जागा मिळवण्यात सकाळ जाते. वेळ 10 ते 5. विशेष प्रदर्शनांना मात्र तिकीट असते.

संग्रहालय 1683 चे, आजची इमारत 1845 ची, तर आतली दालने बरीचशी 2009 च्या विस्तारातली. त्या विस्ताराने मांडणीच बदलली: तळमजल्यावर प्राचीन जग, आणि वर चढाल तसा काळ पुढे सरकतो. म्हणून भारत एका ठिकाणी सापडत नाही. इसवी सन 600 पर्यंतचा तळमजल्यावर, पुढचा पहिल्या मजल्यावर. एकच दालन पाहून ‘एवढेच?’ म्हणत परतणारे पुष्कळ.

तळमजल्यावर तामलुकची मृण्मय यक्षी चुकवू नका. बंगालमधली, इसवी सनपूर्व 200 च्या सुमाराची, उंची जेमतेम वीतभर. लांबून ती साधी मातीची पाटी वाटते. काचेजवळ वाकून पाहिले की केसांत खोचलेल्या पिना, कमरेच्या मेखला, अंगभर दागिने एकेक करून सुटे दिसू लागतात. या एका वस्तूला पंधरा मिनिटे द्यावीत.

वस्तूशेजारच्या माहितीच्या पाटीवरचा क्रमांकही वाचत चला. सुरुवातीची अक्षरे विभाग सांगतात (ईए म्हणजे पौर्वात्य कला, डब्ल्यूए म्हणजे पाश्चात्त्य) आणि त्यापुढचा आकडा बहुधा वस्तू संग्रहात आल्याचे वर्ष. राफाएल आणि मायकेलअँजेलोच्या रेखाटनांवर 1846 दिसते. तमिळ वैष्णव संतकवी तिरुमंगै आळ्वारांच्या कांस्यमूर्तीचा क्रमांक 1967 चा. त्या वर्षी ती लिलावात घेतली गेली. पण 1957 च्या एका छायाचित्रात तीच मूर्ती तमिळनाडूतल्या मंदिरात दिसते. 2024 मध्ये विद्यापीठाने ती भारताला परत करण्याच्या मागणीला पाठिंबा दिला. वस्तू आली कुठून, हा प्रश्न प्रत्येक कपाटापुढे विचारावा. विद्यापीठाच्या संग्रहालयात तर नक्कीच.

दुसऱ्या मजल्यावर पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकार उच्चेल्लोचे ‘जंगलातील शिकार’ हे चित्र आहे. आधी बरोबर मध्यभागी उभे राहा: कुत्रे, घोडे, माणसे, सगळे अंधारातल्या एका बिंदूकडे धावतात. मग दोन्ही टोकांकडून पाहा. याच मजल्यावर नवव्या शतकातल्या इंग्रज राजा आल्फ्रेडचा रत्नजडित अलंकार, त्याच्या कडेवर जुन्या इंग्रजीत कोरले आहे, ‘आल्फ्रेडने मला घडवून घेतले’. प्रसिद्ध इटालियन वाद्यकारागीर स्ट्रॅडिव्हरीचे 1716 चे ‘मसाया’ व्हायोलिनही इथेच. ते फारसे वाजवले गेलेले नाही, म्हणून त्याचे रोगण अजून ताजे दिसते.

पण खरा खजिना भिंतींवर नाही. इजिप्तमध्ये सापडलेल्या भारतीय छापील सुती कापडाचे सुमारे 1200 तुकडे इथे आहेत, बरेचसे गुजरातचे, त्यांतले काही तर सुमारे एक हजार वर्षे जुने. कापड आणि कागद उजेडाने विटतात, म्हणून अशा वस्तू मंद प्रकाशात आणि आलटून पालटून मांडतात. ‘फोटोत पाहिलेले चित्र जागेवर नाही’ ही तक्रार यातूनच येते. त्यावर उपाय अभ्यासिकेचा, म्हणजे मांडणीत नसलेल्या वस्तू आधी वेळ ठरवून पाहता येतात त्या खोलीचा. ऑनलाइन सूचीत वस्तू शोधा, पूर्ण क्रमांक टिपा, काही आठवडे आधी ईमेलने वेळ मागा, आणि मोजक्याच वस्तू मागा. पौर्वात्य कलेची अभ्यासिका वेगळी, पाश्चात्त्य रेखाटनांची वेगळी. एकाच पत्रात दोन्ही मागितल्यास घोळ होतो. हात स्वच्छ धुवून जा आणि टिपणे पेन्सिलीने घ्या. शाईचा एक डागही कागदावरून निघत नाही.

अभ्यासिकेची वेळ सकाळची मिळाली तर उत्तम, डोळे ताजे असतात. दालने दुपारी.