सातबाऱ्यावरची माणसं

जेवून जरा आडवं व्हावं अशा वेळी कोणी कोणाला सातबारा पाठवू नये. चुलतभावाने पाठवला. गावच्या सामाईक आमराईचा. झोप गेलीच होती, म्हणून बोटांनी मोठा करून नावं वाचत बसलो. निम्मी मंडळी कैलासवासी. पणजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांचा साधा फोटोही आमच्यात कोणाकडे नाही, ते अजून भोगवटादार आहेत. वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे कोणीतरी जायला हवं, हे घरातला प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत आलाय. मला ती नावं कमी व्हावीत असं वाटतच नाही. हे भावाला मात्र बोललेलो नाही.

१९१२ साली ब्रिटिशांनी पश्चिम आफ्रिकेतल्या जमिनींची चौकशी करायला समिती बसवली होती. तिच्यापुढे नायजेरियातल्या एका प्रमुखाने सांगितलं की जमीन एका मोठ्या कुटुंबाची असते. त्यातले पुष्कळ जण वारलेले, थोडे हयात आणि अगणित अजून जन्मायचे. साहेबांनी हे कुठल्या रकान्यात लिहून घेतलं असेल?

केनियाचे तत्त्वज्ञ जॉन म्बिती म्हणायचे, आपण आहोत म्हणून मी आहे. हे वाक्य आता टी-शर्टावर छापण्याइतकं गुळगुळीत झालंय. मला त्यांचं दुसरं म्हणणं आवडतं. गेलेल्याला नावाने आठवणारं कोणी हयात आहे तोवर तो पुरता गेलेला नसतो, घरातच वावरत असतो. आमच्या या धाकट्या पणजोबांना नावाने ओळखणारा आता सातबाराच उरलाय.

आमराईच्या आंब्यांचे वाटे मे महिन्यात पडवीत पडायचे. गोणपाटावर रायवळांचे ढीग, आम्ही पोरं कडेने उकिडवी, कुठल्या ढिगात मोठे आंबे गेले यावर डोळा. मुंबईकर काका आला नसला तरी त्याचा वाटा पडायचाच. एका वर्षी काकू गरोदर होती. सगळे वाटे झाल्यावर आजी म्हणाली, "आणि पोटातल्याचा?" मग प्रत्येक ढिगातून दोन-दोन उचलले गेले. माझ्यातला एक चांगला शेंदरी होता. त्या चुलतबहिणीवर माझा तेव्हापासून राग आहे, ती तेव्हा जन्मलीही नव्हती तरी.

समुद्राच्या तळाचंही असंच काहीसं ठरलंय. १९६७ मध्ये माल्टाचे राजदूत अर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत मागणी केली की देशांच्या हद्दीपलीकडचा तळ साऱ्या मानवजातीचा सामाईक वारसा मानावा. १९८२ च्या सागरी कायद्यात ते आलंही. त्या तळाचा कारभार जमैकात, किंग्स्टनमधल्या आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाकडून चालतो. तळाशी बटाट्याएवढे खनिज गोळे पडलेत. निकेल, तांबं, कोबाल्ट. वाढतात दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला हिंदी महासागरातून पहिले गोळे वर काढले, आणि आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरवर भारताला शोधाचा हक्क आहे. उत्खननाची नियमावली ठरतेय. कंपन्या किती घेणार आणि मानवजातीला किती, यावर किंग्स्टनमध्ये हुज्जत घालण्यात आफ्रिकी देश पुढे असतात. मानवजातीच्या पदरात फारच थोडं पडतंय, हे त्यांचं गाऱ्हाणं. मला ते ऐकून आजीच आठवते.

पण आफ्रिकेतही सगळं गोणपाटावर मांडून होत नाही. केनियात बोगोरिया सरोवराकाठी एन्डोरोइस लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखत. पूर्वजांची थडगी तिथेच, पूजाअर्चाही तिथेच. १९७० च्या दशकात सरकारने अभयारण्यासाठी त्यांना उठवलं. एन्डोरोइसांच्या नावाचा कागद नव्हता. जमीन स्थानिक सरकारी कौन्सिलकडे, त्यांच्याच वतीने विश्वस्त म्हणून. पुढे त्याच भागात माणकांच्या खाणीचे परवाने दिले गेले. आफ्रिकी मानवाधिकार आयोगाने निकाल दिला की जमीन त्यांची आहे, परत करा. तो २०१० मध्ये जाहीर झाला. जमीन त्यांना अजून परत मिळालेली नाही.