गोड वास, कोरडा शेवट: बेल्जियमच्या डार्क बिअरची चव घेताना

कोर्ट्राइकहून येणारी रेल्वे पोपेरिंगेला संपते. पुढे रूळ नाहीत, हॉप्सचे (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांच्या वेलींचे) मळे आहेत: माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीचे खांब, त्यांवर तारा आणि तारांवर चढलेले वेल. गावातल्या जुन्या वजनकाट्याच्या इमारतीत हॉप्सचं संग्रहालय आहे. ते बघावंच, पण तिथून एक गैरसमज सोबत घेऊन निघू नये. आपण ज्या बिअरसाठी इथवर आलो, तिच्यात हॉप्सचं काम पडद्यामागचं आहे. तिथे राज्य यीस्टचं आणि साखरेचं.

पोपेरिंगेहून वेस्टफ्लेटरनचा, स्वतः बिअर करणारा सिंट-सिक्स्टस मठ सायकलच्या टप्प्यात आहे, रस्ता सपाट. मठ 1831 चा. आत प्रवेश नाही, पण समोरच ‘इन द व्रेदे’ हे मठाचं कॅफे आहे. इथे तीनच बिअर: हिरव्या झाकणाची ब्लाँड (फिक्या रंगाची), निळ्या झाकणाची 8 आणि पिवळ्या झाकणाची 12. या बाटल्यांना वर्षानुवर्षं लेबलच नव्हतं, सगळी माहिती झाकणावर. म्हणून जाणकार आधी झाकण वाचतात, मग ते उघडतात. घरी न्यायच्या क्रेटसाठी आधी नोंदणी लागते. पूर्वी ती फोनवर व्हायची, 2019 पासून ऑनलाइन होते.

आकड्यांचा घोळ इथेच मिटवू. 6, 8, 10, 12 हे अल्कोहोलचे टक्के नव्हेत. आंबवण्याआधीच्या गोड रसाची घनता मोजण्याचं जुनं बेल्जियन माप आहे ते: घनता 1.080 असेल तर आकडा 8. वेस्टफ्लेटरन 8 मध्ये अल्कोहोलही नेमकं 8 टक्के निघतं, हा योगायोग. 12 मध्ये ते 10.2 टक्के आहे, तर रोशफोर 10 मध्ये चक्क 11.3.

बाटली टेबलावर आली की पहिली चूक तिथेच होते: लगेच ओतणं. 4–5 अंशांवरची डार्क बिअर मुकी असते. गारठ्यात जीभ गोडवा कमी पकडते, वास वर उठत नाही, आणि हाती फक्त बुडबुडे आणि कडूपणा लागतो. 10 ते 14 अंश ही तिची जागा. फ्रिजमधून काढल्यावर सुमारे अर्धा तास थांबा, तोवर बाटली उभीच ठेवा. उलट टोकही वाईट: 20 अंशांची बाटली उघडली तर विरघळलेला वायू एकदम सुटतो, फेस उसळतो आणि तळाचा गाळ वर येतो.

हा गाळ म्हणजे यीस्ट. बाटली भरताना बिअरमध्ये थोडी साखर आणि ताजं यीस्ट घालून झाकण लावतात आणि दोन-तीन आठवडे उबदार खोलीत ठेवतात. हिशोब सोपा आहे. एक लिटर बिअरमध्ये तेवढाच एक लिटर वायू मुरवायला साधारण 4 ग्रॅम साखर लागते. बेल्जियन डार्कमध्ये वायू बिअरच्या साडेतीनपटीपर्यंत असतो. त्यातला पाऊणपट-सव्वापट आधीच मुरलेला धरला, तर लिटरला 10 ग्रॅमच्या आसपास साखर पडते, म्हणजे 33 सेंटिलिटरच्या बाटलीला तीन-साडेतीन ग्रॅम. एवढ्याशा साखरेवर फेस, तोंडातला हलकेपणा आणि टिकाऊपणा उभा असतो, कारण साखर खाताना यीस्ट बाटलीतला बराचसा ऑक्सिजनही संपवतं.

ओतताना ग्लास थंड पाण्याने विसळून ओलाच घ्या, तिरका धरा आणि बाटली एका दमात रिकामी करा. मध्ये थांबून बाटली सरळ केली की गाळ ढवळला गेलाच. तळाशी एक सेंटिमीटर बिअर राहू द्या आणि ती वेगळ्या छोट्या ग्लासात काढा. 75 सेंटिलिटरची बाटली चौघांत वाटायची असेल तर चारही ग्लास ओळीने मांडून, बाटली तिरकीच ठेवून सगळे भरा. नाहीतर पहिल्याला नितळ बिअर मिळते, चौथ्याला गढूळ, आणि मग दोघं एकाच बिअरबद्दल वाद घालत बसतात.

आता परीक्षण. जगभर वापरल्या जाणाऱ्या बीजेसीपी (बिअर-परीक्षक घडवणारी संस्था) पद्धतीत 50 गुण असतात: वास 12, रूप 3, चव 20, तोंडातला पोत 5 आणि एकूण ठसा 10. रूपाला फक्त 3, आणि आमच्या मते ते योग्यच आहे, कारण डार्क बिअरचा रंग फार फसवतो. स्टाउट काळी होते ती करपवलेल्या धान्याने, म्हणून तिच्यात कॉफी आणि राखेचा कडवटपणा येतो. मठांच्या या बिअरचा तपकिरी-लाल रंग मात्र मुख्यतः कँडी साखरेच्या गडद पाकातून येतो. म्हणून वासात मनुका, अंजीर, खजूर, काकवी. कॉफी किंवा जळकेपणा ठळक लागला तर बिअर कदाचित चांगली असेल, पण या कुळातली नव्हे.

पहिला वास ग्लास हातात येताच घ्या. गंधकाचे उडते वास दोन मिनिटांत निघून जातात, नंतर सापडत नाहीत. मग ग्लासावर तळहात ठेवून हलकेच फिरवा आणि पुन्हा हुंगा. यीस्टमधून केळं आणि लवंग येतात, ते चालतं. औषधी पट्टीसारखा वास आला तर जंगली यीस्ट घुसलं आहे. नेलपॉलिशसारखा झणका म्हणजे बहुधा यीस्टला फार गरम आंबवलं. दहा टक्क्यांची बिअर घशात ऊब देते, पण टोचत नाही. टोचली की गुण कापा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: निकाल घोटाच्या सुरुवातीवर लावू नका, शेवटावर लावा. पाकातली साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण फस्त करतं. त्यामुळे नाकाला गोड वाटणारी बिअर गिळल्यावर कोरडी संपायला हवी, ओठ चिकटता कामा नयेत. नक्कल इथेच पकडली जाते. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) वाढवून दाट केलेली बिअर पहिल्या घोटाला भारी वाटते, अर्ध्या ग्लासात कंटाळा आणते.

हे ताडून बघायला वेस्टफ्लेटरनहून वाटाऊला जावं. तिथली सेंट बर्नार्डस ब्रुअरी 1946 ते 1992 परवान्यावर सिंट-सिक्स्टसची बिअर करत होती. करार संपला, पण तेव्हाचं यीस्ट वाटाऊला राहिलं. मठ स्वतः आज वेस्टमाले मठाचं यीस्ट वापरतो. म्हणजे ‘जुनं’ यीस्ट शेजाऱ्याकडे आणि दुसऱ्या मठाचं यीस्ट मठात! दोन्हीकडच्या 12 शेजारी ठेवून, लेबल झाकून प्या. आम्हाला सेंट बर्नार्डसमध्ये फळं आणि मसाला जास्त उघडा वाटतो, वेस्टफ्लेटरनचा शेवट अधिक कोरडा. एक बरी आणि दुसरी वाईट असं काही नाही, आणि ‘जगातली सर्वोत्तम’ वगैरे बिरुदं दुर्मीळपणावर पोसली जातात. फक्त एक हिशोब विसरू नका: 12 च्या एका बाटलीत सुमारे 27 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. सायकलने जायचं असेल तर दोघांत एक बाटली पुरे. परीक्षणाला तसेही 60–90 मिलिलिटर भरपूर होतात.

वेस्टमाले अँटवर्पच्या ईशान्येला आहे, बसने जाता येतं. तिथल्या 7 टक्क्यांच्या डुबेलची (मठाची डार्क बिअर) आजची घडण 1926 पासूनची. मठासमोरच्या कॅफेत डुबेल नळावरचीही मिळते आणि बाटलीतलीही, म्हणून दोन्ही एकत्र मागवावी. आम्हाला नळावरची मऊ आणि गोडसर लागते, बाटलीतली तरतरीत आणि कोरडी. बाटलीत पुन्हा आंबवल्याने काय होतं, हे अर्ध्या तासात जिभेला समजतं. अर्धी डुबेल आणि अर्धी ट्रिपेल (फिकी पण जास्त कडक बिअर) मिसळून पिण्याची तिथे रीत आहे. मजेशीर आहे, पण परीक्षणाच्या दिवशी नको.

दक्षिणेला आर्देनमधल्या रोशफोरचा मठ बिअरसाठी दार उघडत नाही, पण गावातल्या कॅफेत 6, 8, 10 तिन्ही मिळतात. याच क्रमाने प्या. 10 आधी घेतली तर 6 पाणी वाटेल. सोबत साधा पाव आणि पाणी, चीज सगळं संपल्यावर. चीजची चरबी जिभेवर थर धरते, ओठांवरून ग्लासाला लागली तर फेसही मारते.

बिघडलेली बाटली ओळखणं ही निम्मी विद्या. झाकण उघडल्यावर फुस्स आवाजच आला नाही तर झाकण गळकं. बारीक आवाज आला आणि बिअर गोड आणि निर्जीव असली तर यीस्ट दमलं. जास्त अल्कोहोलमध्ये ते लवकर थकतं, म्हणून तर भरताना ताजं घालतात. याउलट बाटली उसळत राहिली तर ती दोन तास थंड करून त्याच खेपेतली दुसरी उघडा. तीही उसळली, चव पातळ आणि आंबट लागली, तर संसर्ग. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ऑक्सिजन शिरला. मात्र जुन्या डार्कमध्ये ऑक्सिजनचाच परिणाम शेरी आणि पोर्टसारखा लागतो, तो दोष नाही. चार-पाच वर्षांच्या बाटलीत मनुका अधिक गडद होतात, बुडबुडे बारीक होतात. सीमा ओलांडली हे कळतं ते बाजूला काढलेल्या गाळावरून. पावाच्या पिठासारखा वास आला तर यीस्ट अजून ठीक आहे. सोया सॉस किंवा मांसाच्या रश्शासारखा आला तर यीस्ट मरून फुटलं आहे, आणि तीच चव लवकरच वरच्या बिअरमध्येही उतरते.

बाटल्या घरी नेल्यावर आडव्या ठेवू नका, बुचाच्या असल्या तरी. आडवी ठेवली की गाळ कडेला चिकटतो आणि ओतताना सगळा ग्लासात येतो. अंधारी जागा, 12 अंशांच्या जवळपास, चढउतार कमीत कमी. तपकिरी काच उजेड अडवते, पण पूर्ण नाही, त्यामुळे दुकानात ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली सोडून मागची उचला. प्रवासानंतर पहिली बाटली उघडण्याआधी किमान दोन आठवडे तिला हात लावू नका, गाळ घट्ट बसायला तेवढे दिवस लागतात.