स्क्रीन रीडरने नोट्स वाचल्या तेव्हा

२०२१चा पावसाळा. एम. ए. अर्थशास्त्राचं पहिलं वर्ष, सगळे तास ऑनलाइन. त्या दिवशी तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. तिला जन्मापासून दिसत नाही. "मॅडम, विभागाच्या नोट्स मिळाल्या, पण वाचता येत नाहीत. ऐकवू?" म्हणत तिने लॅपटॉपचा आवाज शेअर केला.

ती एनव्हीडीए वापरते. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, मराठीही वाचतं. पण मागणीच्या नियमाच्या जागी ऐकू आली सुटी इंग्रजी अक्षरं, मध्येच डॉलर, कंस, पुन्हा अक्षरं. वर्षानुवर्षं चालत आलेल्या त्या नोट्स जुन्या, नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप केलेल्या होत्या. त्यात डोळ्यांना मराठी दिसतं, फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरांचेच कोड असतात. स्कॅन केलेल्या प्रकरणांवर तर एनव्हीडीए गप्पच. संगणकाच्या लेखी ते नुसते फोटो.

"मग आतापर्यंत कसा केलास अभ्यास?"

"आई वाचून दाखवते, शेतातून आल्यावर. चौथी शिकलीय ती. 'सीमांत उपयोगिता' आलं की अडखळते."

मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. जागा मिळाली, पण वाचायचं काय?

मागणी वक्र, म्हणजे किंमत बदलली की खरेदी कशी बदलते ते दाखवणारी रेषा, मी तेव्हाच पुन्हा घेतला, पडद्यावरच्या आकृतीशिवाय. तिच्या भावाने जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यावर लोकरीचे दोन धागे चिकटवले, उभा किमतीचा, आडवा किलोंचा. कांदा २० रुपये किलो असताना घरात तीन किलो येतो, ४० झाला की दोन, ६० झाला की एक. प्रत्येक ठिकाणी त्याने एकेक मसूर चिकटवला. तिने त्यावरून बोट फिरवलं. "डावीकडे वर म्हणजे महाग आणि कमी. उजवीकडे उतरत गेलं की स्वस्त आणि जास्त. एवढंच होतं होय!"

त्याच संध्याकाळी नोट्स युनिकोडमध्ये, म्हणजे फाइलमध्येही मराठी अक्षरांचेच कोड असतील अशा रूपात, आणायला बसले. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास भलतीकडे जाते. ओळ न् ओळ तपासावी लागते. वर्गातल्या मुलांनी प्रकरणं वाटून घेतली. प्रत्येक आकृतीखाली ती काय सांगते ते दोन-तीन वाक्यांत लिहायचं ठरलं.

त्या फाइली सगळ्यांनीच घेतल्या. पहाटे दूध घालणारा एक मुलगा फोनला वाचायला लावून गाडीवरून उतरता-चढता ऐकायचा. डेटा पुरत नसलेल्यांना व्हिडिओपेक्षा त्या परवडायच्या. कॅमेरा चालू ठेवायची सक्तीही मी काढली. एका खोलीत सहा माणसं राहतात, तिथे घर का दाखवायला लावायचं?

राहिली परीक्षा. लेखनिक घेण्याची मुभा असलेल्यांना, लेखनिक घेतला नाही तरी, ताशी किमान २० मिनिटं जादा वेळ द्यावा, असं केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ऑनलाइन पेपरचा टायमर मात्र सर्वांना सारखाच लावलेला होता. तो तिच्यासाठी बदलावा आणि 'पुढील आकृतीचे निरीक्षण करा'ऐवजी तक्ता द्यावा, असं पत्र मी परीक्षा विभागाला दिलं. तक्ता लगेच मान्य झाला. टायमरसाठी दोनदा जाऊन बसावं लागलं, पण तिचा वेळ वाढवून मिळाला.